काही लागलं तर सांगा

मी विहारात इंटर्न म्हणून राहून आले असं सांगितलं की आमच्या वर्गातल्या मुली आधी माझ्या डोक्याकडे बघतात. केस आहेत, बायांनो! जागच्या जागी आहेत. डोकं भादरतात ते भिक्खुणी होताना, आणि मी गेले होते सुट्टीपुरती. झाडू मारायला, भाज्या चिरायला आणि सकाळी अभ्यासाला बसायला. परदेशातला विहार म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर धुकं येतं, घंटा येते, पायऱ्यांवर पडलेली पानं येतात. माझ्या डोळ्यांसमोर येतो भोपळा. भोपळ्याशी माझी ओळख तशी जुनीच, गणिताच्या पेपरात आमची अधूनमधून भेट होते. पण तिथे मी जे भोपळे बघितले ते खरे होते, आणि फार होते.

मी तिथे पोचले ती मावशीमुळे. मावशी त्या देशात नर्स आहे. सुट्टीत मी तिच्याकडे गेले होते, आणि ती ड्युटीवर गेली की सोफ्यावर लोळून तिच्या इंटरनेटची वाट लावत होते. शेवटी ती वैतागली.

"गावाबाहेर भिक्खुणींचा विहार आहे, मी ध्यानाला जाते तो," ती म्हणाली. "तिथे शिकाऊ मुली घेतात. जा. हाताला काम मिळेल आणि तोंडाला जरा आराम."

हाताला काम मिळालं. तोंडाचं काय झालं तेच तर सांगतेय.

तिथे आम्ही बोलायचो ते थोडं इंग्रजीत, थोडं तिथल्या भाषेत आणि उरलेलं हातवाऱ्यांत. मी मात्र सगळं सरळ मराठीत लिहिते आहे, नाहीतर तुम्हाला अर्धी गोष्ट हातवारे करतच वाचावी लागेल.

भिक्खुणींना तिथे अय्या म्हणतात. सगळ्यांत मोठ्या थोरल्या अय्या, उंचीने माझ्या खांद्याएवढ्या, पण त्या दालनात आल्या की आपोआप पाठ ताठ व्हायची. आमचा अभ्यास घ्यायच्या त्या धाकट्या अय्या. बाकीच्या मधल्या. माझ्याबरोबर आणखी एक इंटर्न होती, कॉलेजात शिकणारी, इतकी उंच की वरच्या फळीवरची भांडी ती टाचाही न उचलता काढायची. मनात मी तिला जिराफ म्हणायचे, तोंडावर ताई.

आल्याच दिवशी दुपारी सगळ्या दालनात जमल्या आणि मला म्हणाल्या, आपल्याबद्दल सांग. मी काय, सुटलेच! शाळा, मावशी, पोहण्यातलं पदक, बसचा प्रवास. शेवटी आता थांबायला हवं असं वाटलं, तेव्हा आमच्या घरी बोलणं जसं संपवतात तसं संपवलं.

"आणि काही लागलं तर सांगा हं. अजिबात संकोच करू नका."

दालनात एकदम शांतता. म्हणजे शांतता आधीही होतीच, पण ही वेगळी. धाकट्या अय्या जरा पुढे झुकल्या.

"कशाबद्दल सांगायचं? औषध, कपडा की जेवणखाण?"

"सगळ्याबद्दल!" मी म्हणाले. एकदा औदार्य दाखवायचं ठरलं की मग हात आखडता कशाला?

"आणि कधीपर्यंत?"

"मी इथे आहे तोपर्यंत."

सगळ्या अय्यांनी हात जोडले आणि एका सुरात "साधु, साधु, साधु" म्हणाल्या. मला वाटलं, काय छाप पाडली आपण! पहिल्याच दिवशी!

बाहेर बूट घालताना ताई म्हणाली, "तू काय केलंस कळलं का तुला?"

"काय?"

"अय्या कुणाकडे काही मागत नाहीत. हे हवं म्हणत नाहीत, ते नको म्हणत नाहीत. आपण हातात देऊ ते घेतात, तेसुद्धा जेवण असेल तर दुपारच्या आत. पण कुणी आपणहून म्हटलं ना, की लागेल ते सांगा, तर मात्र त्या त्या माणसाला सांगू शकतात. हे आमंत्रण असतं, खरंखुरं. मी हिवाळ्यापासून इथे आहे. माझ्या तोंडून एकदाही ते निघालेलं नाही."

मी एक बूट घालून तशीच उभी. आमच्याकडे हे वाक्य दारात म्हणतात. पाहुणे चपला घालतात, आई म्हणते काही लागलं तर सांगा, पाहुणे म्हणतात हो हो, आणि मग दारातच पुन्हा तासभर गप्पा. आजवर कुठल्याही पाहुण्याने घरी जाऊन फोन केलेला नाही की वहिनी, मला एक बादली लागतेय.

इथे फोन करायची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी झाडू मारताना एक मधल्या अय्या आल्या, इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "मोठ्या नेढ्याची सुई मिळेल का? हल्ली दोरा ओवता येत नाही." मग दुसऱ्या आल्या, त्यांना बुटाच्या नाड्या. तिसऱ्यांना पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी. धाकट्या अय्यांनी तर अभ्यास संपता संपता हळूच विचारलं, "टॉर्चचे सेल?" आणि लाजल्या!

मी मावशीला फोन केला.

"मावशी, रविवारी येताना एक सुई, बुटाच्या नाड्या, शेकायची पिशवी आणि सेल आण."

"अगं, तू तिथे ध्यान करतेस की दुकान टाकलंस?"

"मी आमंत्रण दिलंय."

"कशाचं?"

सगळं सांगितलं. पलीकडून नुसता हसण्याचा आवाज. "तू डिट्टो तुझ्या आईवर गेली आहेस," ती म्हणाली, पण रविवारी सगळं घेऊन आली. खरं सांगू? मला मजा येत होती. सगळ्या माझ्याकडे येतात, मला सांगतात! शाळेत मला कुणी वर्गप्रतिनिधीसुद्धा केलं नव्हतं.

मग एका सकाळी मी पायऱ्या झाडत होते आणि थोरल्या अय्या आल्या. मी झाडू मागे लपवला, का ते माहीत नाही.

"तू जेवणाबद्दलही म्हणाली होतीस ना?"

"हो, अय्या."

त्या थोडा वेळ झाडांकडे बघत राहिल्या. एवढ्या मोठ्या बाई, पण चेहरा असा की जणू मधल्या सुट्टीआधीच डबा खाताना पकडलंय.

"भोपळा," त्या म्हणाल्या, "जरा कमी झाला तर बरं होईल."

आणि गेल्या.

आता भोपळ्यामागे कोण होतं ते सांगायला हवं. विहाराचा स्वयंपाक करायच्या ड्रायव्हरकाकू. त्या अय्या नव्हत्या, जवळच्याच गावातल्या, जन्मभर शाळेची बस चालवलेल्या. निवृत्त झाल्यावर आपणहून इथे आल्या आणि त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. ते चालवायच्याही बससारखंच. "मागे सरका! वाटेत उभं राहायचं नाही! कढई वळतेय!" आणि रोज, न चुकता, भोपळा. सूप, भाजी, भाजलेल्या फोडी, लगदा. आमटीतसुद्धा खाली तळाशी तो बसलेलाच. स्वयंपाकघरामागे त्यांनी स्वतः वेल लावले होते. कोठीच्या फळ्यांवर भोपळे असे मांडलेले, जसे बक्षीस समारंभातले कप.

कारण विचारलं तेव्हा काकूंचा चेहरा उजळला होता.

"पहिल्या हिवाळ्यात मी भोपळ्याचं सूप केलं. थोरल्यांचं वाडगं परत आलं ते असं लख्ख, की धुवायलाच नको! तेव्हाच ओळखलं. बघ पोरी, मला ध्यान जमत नाही, डोळे मिटले की घोरते. पाठांतर तर नकोच. पण कुणाला काय आवडतं ते मला बरोबर कळतं. तेवढंच माझ्याकडे आहे, ते मी इथे देते."

थोरल्या अय्यांचं वाडगं रोजच लख्ख असायचं. वाढलेलं टाकायचं नाही म्हणून. त्यात दगड वाढला असता तरी वाडगं लख्खच परत आलं असतं. हे काकूंना कोण सांगणार? अय्या तर सांगू शकत नाहीत. उरलं कोण? मी. उदार मी!

मी आधी शहाणपणा केला. "काकू, आज वांगं करूया?" "थोरल्यांना भोपळा लागतो." "काकू, डॉक्टर म्हणतात पालेभाज्या खाव्यात." "भोपळ्यात घालू." मग मी भोपळेच कमी करायचं ठरवलं. एक मावशीच्या पिशवीत घातला, एक पोस्टमनला दिला, एक ध्यानाला आलेल्या आजोबांना. ताईने मदत केली, वरच्या फळीवरचे तीच काढायची. काकूंनी फळीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भोपळे तू नेतेस?"

"हो," मी म्हणाले. खोटं बोलायची सोय नव्हती. पंचशील मला लहानपणापासून तोंडपाठ, आजीने घोकून घेतलेलं, पण त्याचा अर्थ धाकट्या अय्या नीट उलगडून शिकवत होत्या, आणि नेमका त्याच आठवड्यात चौथ्या शिलावर मुक्काम होता. खोटं बोलायचं नाही. गमतीतही नाही, सोयीसाठीही नाही. रोज अभ्यासाला बसल्यावर त्या विचारायच्या, "काल कुठे घसरायला झालं का?" मला घसरायचं नव्हतं.

काकूंनी मात्र "हो"चा आपल्याला हवा तो अर्थ घेतला. "तुलाही एवढा आवडतो? अगं मग मागायचं की!" आणि त्या दिवसापासून माझ्या ताटात दुप्पट भोपळा. ताई समोर बसून गालातल्या गालात हसत होती. तिला मी अजून माफ केलेलं नाही.

शेवटची युक्ती उरली. काकूंनी स्वतःच अय्यांना आमंत्रण दिलं तर? मग थोरल्या अय्या त्यांना थेट सांगतील आणि मी मोकळी!

"काकू, तुम्ही अय्यांना म्हणा ना, काय हवं ते सांगा म्हणून."

काकूंनी हातातला डाव खाली ठेवला. "मी? विचारू? विचारायला लागलं तर मग मी ओळखलं काय?"

झालं. सगळ्या वाटा बंद. तिकडे थोरल्या अय्या रोज जेवताना माझ्याकडे बघतही नव्हत्या, आणि तेच जास्त वाईट होतं. मी शब्द दिला होता. त्यांनी एवढ्या वर्षांत कुणाकडे काही मागितलं असेल तर ते एवढंच.

एका सकाळी काकू मोठ्या सुऱ्याने भोपळा फोडत होत्या. खरंतर सुरा हातात असताना असलं काही बोलू नये. पण मी बोलले. एका दमात.

"काकू, थोरल्या अय्यांना भोपळा आवडत नाही."

सुरा भोपळ्यात अडकून राहिला.

"कोण म्हणालं?"

"त्याच. मी आमंत्रण दिलं होतं म्हणून मला म्हणाल्या. जरा कमी झाला तर बरं, एवढंच."

"खोटं."

"काकू, मी चौथ्या शिलावर आहे."

त्यांनी सुरा ओढून काढला, भोपळा चिरला, शिजवला, दुपारच्या आत पातेलं माझ्या हातात दिलं. जेवणं झाली, वाडगी लख्ख परत आली. काकूंनी थोरल्यांचं वाडगं उजेडात धरून आतून बाहेरून बघितलं, जणू त्यात काही लिहिलेलं आहे. मग अ‍ॅप्रन सोडला.

"शनिवारपर्यंत येते मी. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

"काकू, असं काय..."

"एवढी वर्षं मी काय केलं मग? त्या माउलीला रोज शिक्षा?"

आणि दार लावून गेल्या.

मी पळतच थोरल्या अय्यांकडे. त्या व्हरांड्यात धुतलेलं चीवर, म्हणजे भिक्खुणींचं अंगावरचं वस्त्र, वाळत घालत होत्या. मी सगळं भडाभडा सांगितलं. "अय्या, तुम्ही त्यांना थांब म्हणा ना! तुमचं त्या ऐकतील."

त्यांनी चिमटा लावला, मग दुसरा. "सेवा करायला थांब, असं आम्ही कुणाला म्हणत नाही. येणारा आपल्या मनाने येतो."

"म्हणजे हेही मागता येत नाही?"

"हे तर मुळीच नाही. ती गेली तर मला वाईट वाटेल. मी मरेपर्यंत भोपळा खाल्ला असता, काही बिघडलं नसतं. तू सांगा म्हणालीस आणि माझी जीभ सैल सुटली."

"मग चूक माझी?"

"छे!" त्या गंभीरपणे म्हणाल्या. "भोपळ्याची."

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं, दोन्ही एकत्र, नाकासकट. त्यांनी चीवराच्या बादलीजवळचा कोरडा फडका मला दिला.

पुढचे दिवस स्वयंपाकघरात काकू नुसत्या वावरायच्या. "कढई वळतेय" नाही, "मागे सरका" नाही. भात, डाळ, उकडलेला कोबी. कुणाची आवड ओळखायला न जाणारं जेवण. चवही तशीच. ताई म्हणाली, "यापेक्षा भोपळा बरा होता," आणि तीसुद्धा चौथ्या शिलावरच होती.

मला राग यायला लागला. आधी स्वतःचा, मग काकूंचा. एवढ्याशा गोष्टीवरून! भांडी घासता घासता एकदम लक्षात आलं की काकू दालनात कधी आलेल्याच नाहीत. जेवणाच्या वेळी तिथे शांत बसावं लागतं, आणि शांततेत त्यांना शिंका येतात, म्हणून त्या पातेली दारापर्यंत देऊन परत वळायच्या. आत नेऊन अय्यांच्या हातात द्यायचं काम आम्हा इंटर्नचं. म्हणजे एवढी वर्षं त्यांनी बघितली ती फक्त रिकामी वाडगी. चेहरे बघितलेच नव्हते!

हे मी त्यांना तसंच्या तसं सांगितलं. शुक्रवार होता, त्या बटाटे सोलत होत्या.

"तुम्ही म्हणता तुम्हाला माणूस ओळखता येतो. मग वाडगं बघून कसला ओळखताय?"

"काय म्हणालीस?"

"आत या. बघा. नाहीतर म्हणू नका की मला कळतं म्हणून."

एवढं मोठ्या माणसाला बोलले म्हणून आईने मला उभीच्या उभी फाडली असती. काकूंची मान लाल झाली.

"अगं ए, मी आरशातून नुसती नजर टाकून सांगायचे, मागच्या सीटवरच्या कुठल्या पोराला आता उलटी होणार आहे! गाडी थांबवायचे, पोर उतरायचं आणि होऊन जायची! मला सांगतेस?"

"मग या ना!"

त्या दिवशी त्या आत आल्या. दाराजवळ, भिंतीला पाठ लावून, हाताची घडी. अय्यांनी रोजच्यासारखं खाली बघून जेवायला सुरुवात केली आणि त्यांच्या लक्षात आलं की कुणीतरी आपल्याकडे टक लावून बघतंय. मधल्या अय्यांचा चमचा हवेतच थांबला. धाकट्या अय्यांचे कान लाल. सगळ्यांचे चेहरे एकसारखे कोरे, परीक्षेला पर्यवेक्षक शेजारी येऊन उभा राहिला की आपले होतात तसे. काकू पुढे वाकून एकेकीचा चेहरा तपासत होत्या. मध्येच एक शिंक दाबली, ती अशी दाबली की खिडकीची काच थरथरली.

त्या दिवशी वाडग्यांत बरंच काही होतं. काकूंनी मुद्दाम केलं होतं, मला न सांगता. थोडा कोबी, थोडे वाटाणे, थोडं वांगं, उकडून मीठ-लोणी लावलेला बटाटा. आणि हो, भोपळ्याची एक फोड. एकच.

थोरल्या अय्या जेवत होत्या. कोबी, त्याच गतीने. वाटाणे, त्याच गतीने. भोपळ्याची फोड पटकन संपवली, औषध घेतात तशी. काकूंनी श्वास रोखला. वांगं. मग बटाटा.

मी पातेलं धरून त्यांच्या अगदी शेजारी होते, म्हणून शपथेवर सांगते. बटाट्याचा घास तोंडात गेला आणि थोरल्या अय्यांनी डोळे मिटले. क्षणभरच. ध्यानात मिटतात तसे नाही. आमची आजी गरम पाण्यात पाय सोडल्यावर मिटते तसे.

"सापडलं!"

आख्ख्या दालनात घुमलं ते. काकू भिंत सोडून पुढे आल्या होत्या, बोट थोरल्या अय्यांच्या वाडग्याकडे. "बटाटा! अरे देवा, बटाटा! एवढी मोठी बाई आणि हिला साधा बटाटा आवडतो!"

जेवताना बोलायचं नसतं. कुणीच बोललं नाही. पण एक मधल्या अय्या खांदे हलवत हसायला लागल्या, आवाज न करता, मग धाकट्या, मग ताई, जिच्या हातातला पाण्याचा तांब्या डुचमळायला लागला. थोरल्या अय्यांनी मान खाली घातली आणि उरलेला बटाटा खाल्ला. हळूहळू खाल्ला. लांबवत.

मग काकूंना आपण कुठे उभ्या आहोत ते कळलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि जवळजवळ धावतच स्वयंपाकघरात गेल्या. मी भांडी घेऊन मागोमाग. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या, डोळे पुसत, पण तोंडभर हसू.

"त्या उंच अय्यांना वाटाणे आवडतात," त्या म्हणाल्या. "आणि तुझ्या त्या शिकवणाऱ्या वांगं घशाखाली ढकलतात. बिचारी! कळतं मला. मला सगळं कळतं, फक्त आरसा हवा समोर."

"काकू," मी घाबरत घाबरत विचारलं, "मग उद्या शनिवार..."

"उद्या शनिवार. मग?" त्यांनी अ‍ॅप्रनची गाठ पुन्हा घट्ट मारली. "वाटाणे पोतंभर आलेत, सोलायला माणसं लागतील. तू आणि ती शिडी, दोघी लवकर या. आणि आत्ता वाटेत उभी राहू नकोस. सरक मागे, कढई वळतेय!"